अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

३ जुलै १९४४, सोमवार. नांदेड.
ठरलं. ११,११,१११ ही मूळ संख्या आहे, हे सिद्ध करायचं. म्हणजे एक आणि ती स्वतः, याशिवाय तिला कोणीच भागत नाही. तिचं वर्गमूळ १०५४ च्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स. एकूण १७७ भागाकार. रोज दहा. अठरा दिवसांत खलास. सतरा वर्षं शाळेत अपूर्णांक शिकवून थकलो. आता काहीतरी पूर्ण करायला हवं.

४ जुलै.
चार झाले. पाटी लहान आहे.

७ जुलै, शुक्रवार. निजामी राज्यातली आठवड्याची सुट्टी.
आज वीस करणार होतो. पण मुदखेडला सासरे, बापूसाहेब, आजारी. बायको, चंद्रप्रभा, म्हणाली, तुम्हीही चला. म्हटलं, मी भागाकार करून राहिलो, दिसत नाही का? तिने पद्धत विचारून घेतली. म्हणाली, तिकडे बसल्या बसल्या मीही करते. हसू आलं. मिडल पास बाई! गाडीत बसवून दिली.

१५ जुलै, दुपारी.
२२९ पर्यंत आलो. पन्नास झाले. आज एकशे तीस व्हायला हवे होते. मान दुखते. २३३ ते २६९ हे आकडे नुसते बघूनच कळतं, भाग जाणार नाही. सोडले.

२२ जुलै.
काम फत्ते! (शेवटचे साठ अंदाजाने.) शाळेत जाहीर केलं. हेडमास्तर म्हणाले, इन्स्पेक्टरसाहेब येतायत, त्यांच्यापुढे बोला. हायस्कूलची जागा रिकामी आहे. ते बोलले नाहीत, पण मी समजलो. चंद्रप्रभेला शाळेच्या पत्त्यावर उत्तर पाठव म्हणून लिहिलं. सगळ्यांनी अभिनंदन वाचावं.

३१ जुलै.
तिचं कार्ड आलं. "बाबा आता उठून बसतात. तुमच्या संख्येला २३९ ने भाग जातो. ४६४९ वेळा, बाकी शून्य. तीनदा बघितलं. रागावू नका." उघडं कार्ड. हेडमास्तरांनी आधी वाचलं.
२३९ नेमका सोडलेल्यांतला. घाईत तिचं चुकलं असणार.

१ ऑगस्ट.
चुकलेलं नाही.

५ ऑगस्ट.
इन्स्पेक्टरसाहेबांपुढे बोलायचं टाळता आलं नाही. फळ्यावर २३९ गुणिले ४६४९ लिहिलं. साहेब खूश. "मास्तर, आपण शोधलंत?" हो म्हणणारच होतो. हेडमास्तर माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, "न्हाई साहेब. घरातून."

८ ऑगस्ट.
चंद्रप्रभा परतली. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. माझी पाटी पुसून कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, "लई वाळलात हो."

११ ऑगस्ट, शुक्रवार.
हायस्कूलची जागा दुसऱ्याला गेली. तिथली हवा मला मानवलीच नसती. मुलींच्या शाळेत गणिताला बाई मिळत नव्हती. साहेबांनी चंद्रप्रभेला बोलावलंय. तिने विचारलं, चालेल ना? म्हटलं, मीच सुचवणार होतो.
उद्या तिच्याबरोबर जाऊन पहिला तास कसा घ्यायचा ते दाखवणार होतो. पण पुरुषांनी फाटकाबाहेर थांबायचं, असा तिथला नियम आहे म्हणे. थांबीन. छत्री नेतो.