हिची मापं

४ मार्च
आज पुन्हा तेच केलं. ही शाळेत शिकवायला गेली आणि मी हिचा निळा ड्रेस दुकानात आणून कमरेची शिवण अर्धा इंच सोडली. इस्त्री करून होता तिथे टांगला. कपडे घट्ट होतायत हे तिला कळायला नको! चेहरा सुजलाय म्हणून आधीच आरशासमोर रडते बिचारी.

२० मार्च
सहा महिन्यांत कमर पाच इंच वाढली. बाह्या मात्र ढगळ! तीस वर्षं शिवतोय, असं अंग पाहिलं नाही.

२१ मार्च
जेवताना कडाडली — “माझे घास मोजताय?” मी नुसता बघत होतो. पूर्वी अशी नव्हती.

९ एप्रिल
शाळेच्या जिन्यात हिचे पाय लटपटले. मांड्यांत जोरच नाही. दवाखान्यात नेलं. साखर तीनशे!
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “वजन कधीपासून वाढतंय?”
“वाढलं कुठे? कपडे तर तेच होतात,” ही म्हणाली.
मी मध्येच बोललो. सांगून टाकलं सगळं. मापांची वही खिशातच होती, ती पुढे केली.
ही बघतच राहिली. मग हळूच — “वेडे आहात का हो तुम्ही?”
डॉक्टरीणबाई वही खाली ठेवीनात. “कमर वाढतेय, दंड वाळतायत. हे नुसतं खाण्याचं नाही. रक्त तपासू.”

२ मे
सापडलं. फुप्फुसात, वाटाण्याएवढी गाठ. ना खोकला, ना दुखणं — पण रक्तात एक संप्रेरक सोडत बसलीय. साखर, सूज, चिडचिड, सगळं त्यापायी.
ही पहिलं काय म्हणाली? “म्हणजे मी खादाड नाही!” आणि हसली.
मला हसू येईना. मी शिवणी सोडत बसलो नसतो तर आधीच कळलं असतं. बोललो तसं.
“आता उगाळू नका. ऑपरेशनच्या दिवशी दाढी करून या म्हणजे झालं.”

१९ मे
दाढी केली. हिचा हात थिएटरच्या दारापर्यंतच धरू दिला. चार तास! फुप्फुसाचा एक भाग काढला. शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं — आणि मी जेवलो का, ते विचारलं.

३० मे
ही घरी आहे. अहवाल मी एकटाच आणायला गेलो. गाठ पूर्ण निघाली. पण शेजारच्या एका लसिका ग्रंथीत त्याच पेशी सापडल्या — म्हणजे रोग पसरू लागलाय.
वाटेत कागद घडी करून आतल्या खिशात घातला. दारापाशी बाहेर काढला. हिच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.
ही पलंगावर थोडी सरकली.
“बसा इथे,” म्हणाली. “पुढचंही दोघं मिळून बघू.”