सहा माझी आणि एक काकांचं

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. विषय एकच: जुनी डच नाणी. त्या काळी तिथले सात प्रांत आपापली तांब्याची नाणी पाडायचे. सहा प्रांत माझ्याकडे आहेत. सातवा, ग्रोनिंगन, घड्याळवाल्या काकांकडे. काका ऐंशीचे, एकटे, आणि डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय. मला ते आधीपासूनच माहीत होतं. मोठ्या मनाचा माणूस.

५ फेब्रुवारी
काकांकडे सूप घेऊन गेलो. निव्वळ माणुसकी. नाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. चौथ्या मिनिटाला काढला. काका म्हणाले, मी असेपर्यंत ते इथेच राहील. म्हणजे नंतरचा विचार त्यांनी केलेला आहे.

८ फेब्रुवारी
सूप मीच करतो असं काकांना सांगितलंय. बायको करते म्हटलं असतं तर उगाच विषयाला फाटे फुटले असते. तिची कुरकुर चालू: गुडघा दुखतो, ओट्याशी उभं राहवत नाही. मी स्टूल सुचवलं. सुचवणारा मीच लागतो या घरात.

१४ फेब्रुवारी
काकांच्या दुखण्याला उतार. खिडकीपर्यंत चालले. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१९ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक. काकांच्या मखमली डब्यात सात खळगे आहेत, सहा रिकामे. माझी सहाही नाणी त्यात ठेवली. काकांच्या पुतणीसमोर मोठ्याने म्हणालो, काका, आता हा सगळा सेट तुमचाच. मनातला हिशोब असा: पूर्ण सेट कोण फोडणार? काका गेले की डबा अख्खा माझ्याकडे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी भिंगातून ग्रोनिंगन बघत होतो.

२६ फेब्रुवारी, सकाळी
आज बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तिला वॉर्डात सोडलं. आठ खाटा, म्हणजे सोबतीला सात बाया. एकटं वाटायचा प्रश्नच नाही. थांबू का, असं विचारलं. ती थांबा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. निघालो. सूप आज खरोखरच मी केलं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
काकांनी एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. आज कोणी केलं, असं विचारलं. मिठाने घात केला. सगळं सांगावं लागलं. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले,
"बायको तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर, आणि तुम्ही इथे?"
माझ्या त्यागाने ते हेलावले असावेत. वाटीला परत हात लावला नाही.

१ मार्च
आम्हा संग्राहकांची एक रीत असते. प्रत्येक नाण्याखाली छोटी गोल चिठ्ठी, तिच्यावर प्रांत, वर्ष आणि मालक. मालक बदलला की चिठ्ठी बदलायची. काकांनी आज सातही चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या! भिंग लावून, एकेक अक्षर कोरून. मला बघू दिलं नाही. सरप्राइज असणार. जाता जाता बायकोच्या वॉर्डाचा नंबरही विचारून घेतला. किती चौकशी करतात.
तिची जखम चिघळलीय, मुक्काम वाढला. मी दोनदा जाऊन आलो. एकदा पार्किंगपर्यंत.

४ मार्च
काका गेले. ढसाढसा रडलो. पुतणी म्हणाली, सख्खं कोणी एवढं रडलं नाही. घरी येऊन कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. बायकोचे कपडे खोक्यात भरले.

६ मार्च
पुतणीला सहज फोन केला. डबा कालच पोचता केला म्हणाली. कुठे, विचारलं. वॉर्डात. सातही चिठ्ठ्यांवर मालक म्हणून एकच नोंद आहे: 'सूप करणाऱ्या बाई'.
माझी सहासुद्धा? तर म्हणे, तुम्हीच माझ्यासमोर सगळा सेट काकांना दिलात.

६ मार्च, दुपारी
लिफ्टची वाट न बघता चार जिने चढलो. डबा बायकोच्या उशाशी होता. उघडला. सात खळगे, सात चिठ्ठ्या, नाणं एकही नाही.
ती शांतपणे म्हणाली, "सात जणी होत्या. कोणी पाणी पाजलं, कोणी वेणी घातली, कोणी डॉक्टरशी भांडलं. एकेकीला एक दिलं. डबा न्या तुम्ही."
तीन जणी तोपर्यंत घरी गेल्या होत्या. झीलंडचं नाणं कोणाला दिलं तेही हिला सांगता येईना. ग्रोनिंगन मात्र आठवलं: चार नंबरच्या खाटेवरच्या आजींना, आणि त्या घरी गेलेल्या.
इथून सुटल्यावर बहिणीकडे राहणार म्हणाली. किती दिवस, ते मी विचारलं नाही. आजींचा पत्ता विचारायचा होता.

११ मार्च
पत्ता मिळाला. आजी चौऱ्याऐंशीच्या, घरी एकट्या, तब्येत तोळामासा. उद्यापासून रोज सूप न्यायचं. निव्वळ माणुसकी. नाण्याचा विषय अजिबात काढायचा नाही.
बायकोला फोन केला. तिच्या बहिणीने उचलला. सुपात मीठ किती घालायचं तेवढं विचारा, म्हणालो. पलीकडे दोघींचं काहीतरी बोलणं झालं. मग बहिणीने फोन ठेवला.