फोटोवाल्यासमोर आम्ही

१४ ऑगस्ट १९११, लॅब्रॅडॉर किनारा

नाही म्हणाले मी! तोंडावर.

जहाजातून उतरलेला फोटोवाला सकाळीच दारात, सोबत दुकानातला दुभाष्या. म्हणे, कातडी कपडे घाल, तंबूपुढे जमिनीवर बस, हातात कच्चं मांस धर. हसू नकोस. मागचं लाकडी घर दिसता कामा नये. घर आमचंच आहे, मग का नको? तर म्हणे, त्याच्याकडच्या लोकांना खरे एस्किमो बघायचेत. म्हणजे मी खोटी!

माझा नवरा रेनाटस चर्चच्या बँडमध्ये कर्णा वाजवतो. तो कर्णा घेऊन शेजारी येऊन उभा राहिला, तर फोटोवाल्यानं त्याला हातानंच बाजूला सारलं — कुत्र्याला सारावं तसं.

१५ ऑगस्ट

पाद्रीणबाई समजवायला आल्या — एका फोटोनं काय बिघडतंय? मी म्हटलं, मग तुम्हीच बसा मांस घेऊन. चहा न घेताच गेल्या.

सासूबाई शिवण घेऊन बसल्या.

१७ ऑगस्ट

फोटोवाला नरमला. रविवारचा झगा, घर, कर्णा, सगळ्यासकट काढतो म्हणाला. किती वेळ श्वास रोखून उभे होतो आम्ही! नंतर दुभाष्यानं हळूच सांगितलं — कॅमेऱ्यात फोटो उमटायची काच घातलीच नव्हती. नुसतं नाटक.

रडले नाही. भांडी घासली, जोरजोरात.

१८ ऑगस्ट

फोटोवाल्यानं खाडीकाठी कॅमेरा लावला आणि रेनाटसनं कर्णा फुंकला. सगळा बँड धावला, बायका रविवारच्या कपड्यांत. तो टेकडीवर गेला, आम्ही टेकडीवर. कुत्र्यांचे फोटो काढायला गेला, तिथंही आम्ही वाजवत हजर. शेजारचा बोआस म्हणाला, "काढ की रे, खरे ते हेच." हसून हसून पोट दुखलं. शेवटी त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं आवरलं. उद्या जहाज जाणार. जिरवली त्याची!

सासूबाई मात्र आल्या नाहीत.

१९ ऑगस्ट

सासूबाई पहाटे एकट्याच फोटोवाल्याकडे जाऊन फोटो काढून आल्या. अंगात त्यांच्या आईचा सीलच्या कातड्याचा अंगरखा. बसल्या नाहीत, ताठ उभ्या राहिल्या. मांस घेतलं नाही. काच घातल्याची दुभाष्याकडून खात्री करून घेतली, आणि आपलं नाव, अर्नेस्टीन, लिहून घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

मी चिडले. आपण सगळे नको म्हणत होतो ना, आई?

त्या अंगरखा उतरवून माझ्यापुढे धरत म्हणाल्या, "तू त्याला नको म्हणत होतीस, की याला?"

अंगरखा हातात घेतला. घालून पाहिला. खांद्यांत अगदी बसतो.