मेंढवाड्याची भिंत

प्रिय आचे,

लेन्स कड्यावरून सरकवत होतो आणि चौकटीत अचानक आबा आले. फोटो काढायला आलेला पाहुणा मागे चहा पीत बसला होता. हिमबिबट्यासाठी आमचा तो तिसरा दिवस. आबा समोरच्या डोंगरावर, चुकलेल्या याकच्या मागे. सकाळीच टोमणा मारून गेले होते, "एवढी मोठी तोफ, आणि तीन दिवसांत एक गोळा नाही! बस तू. मी म्हाताऱ्या डोळ्यांनी याक शोधून आणतो."

वरच्या मेंढवाड्यावर पोहोचलं की शेणीचा धूर करायचा, हे तुला सांगायला नको. धूर दिसला नाही तर गावातून माणसं निघतात. त्या दुपारी धूर नव्हता. आमाने तुंडुपकाकांना बूट घालायला लावले, आणि मला वॉकीटॉकीवर विचारलं. मी हसलो. म्हणालो, "धूर कसला शोधतेस? मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून उभे आहेत." ती म्हणाली, "नीट बघ रे." मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा नीट दिसतं इथून." काकांनी बूट काढले.

तेवढ्यात पाहुण्याने माझा दंड दाबला. बिबट्या आला होता. मी लेन्स वळवली, ती पुन्हा तिकडे नेली नाही.

आठ वर्षं ही लेन्स मी पाठीवर वाहतो. पाहुण्यांना मीच समजावतो की ही लांबचं जवळ आणते, पण मधलं अंतर खाऊन टाकते. मागचा डोंगर पुढच्या मेंढीच्या पाठीला चिकटतो. आबा आणि भिंत यांच्यामध्ये ओढ्याची घळ होती. लेन्समध्ये ती नव्हती. आबा काठीला टेकले होते. पाय तेव्हाच मोडला असावा. संध्याकाळी बर्फ सुरू झालं. ते घळीच्या अलीकडेच गोठलेले सापडले.

धूर नसताना माणसं का पाठवली नाहीस, असं तू आमाला विचारलंस. दोन हिवाळे तू तिच्याशी बोलली नाहीस, आणि दोन हिवाळे तिने माझं नाव घेतलं नाही. माणसं निघाली होती, आचे. मी थांबवली. एवढंच लिहायचं होतं. माझ्यावर राग धर. तिला फोन कर.

तुझाच धाकटा भाऊ,
स्पालदान

ता. क. सकाळी हे आमाला वाचून दाखवलं. तुझ्यासाठी ठेवलेल्या जर्दाळूंच्या पिशवीत तिने पत्र घातलं, आणि पिशवी लेहच्या गाडीवाल्याकडे स्वतः नेऊन दिली.