ओळखीची खूण

मंगळवार, ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. अक्षर ओळखलं असशीलच, तरी पाकीट बाजूला ठेवू नकोस. वहिनीच्या गुडघ्यांना उतार पडला का? तू अजून त्या खोक्यांच्या कारखान्यातच आहेस, असं आत्याकडून कळलं. आमचं ठीक चाललंय.

ठीक कसलं, डोंबल. साखरेने ह्यांचे डोळे नेले, आता मूत्रपिंडांवर आलीय. एक दिवसाआड इस्पितळ. गाडी दारात धूळ खातेय आणि चालवणारं कोणी नाही. म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी मी लायसन्ससाठी अर्ज करतेय. हस, खुशाल हस.

कागद गोळा करता करता जीव मेटाकुटीला आला. जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांची सही. फोटोत कपाळ आणि दोन्ही कान दिसायला हवेत, असा नियम. मी कायम केस पुढे घेते, का ते तुला माहीतच आहे. फोटोवाल्याने केस मागे घ्यायला लावले आणि मग आपणहून कॉम्प्युटरवर कपाळावरचा व्रण पुसून टाकला. म्हणाला, "काकू, दहा वर्षांनी लहान केलं तुम्हाला." मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

काल तो फोटो घेऊन कचेरीत गेले. खिडकीवरच्या साहेबांनी एकदा फोटो बघितला, एकदा मला. "हा चेहरा तुमचा नाही. दुसरा आणा." मग अर्ज वाचू लागले. 'ओळखीची खूण' ह्या रकान्यात मी लिहिलं होतं, उजव्या मनगटावर तीळ.

"कपाळावर एवढा व्रण असताना तीळ कशाला शोधत बसलात? कशाने झाला हा?"

"भावाने गाडी ठोकली होती," मी म्हणाले.

विचारही करावा लागला नाही, दादा. बावीस वर्षांत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालंय. साहेब म्हणाले, "असल्या माणसाला लायसन्स कुणी दिलं होतं?" रांगेतले हसले.

मीही हसले.

घरी येऊन अर्ज पुन्हा उघडला. शेवटच्या पानावर विचारलंय, आजवर आपल्या हातून अपघात झाला आहे का? हो किंवा नाही. खाली सही. तिथे पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

तुझ्या कंपनीची गाडी मला एकदा तरी चालवायला दे म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. कोपऱ्यावर शिंपीकाका दिसले तेव्हा ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. माझं कपाळ काचेवर आपटलं, आणि काकांचा पाय कायमचा गेला. तू मला बाजूच्या सीटवर ढकललंस. "तोंडातून शब्द काढू नकोस. आठवड्यावर लग्न आलंय तुझं." मी नाही काढला. तुझं लायसन्स गेलं, नोकरी गेली. माझ्याच लग्नात तू मागे खुर्च्या लावत होतास. हे तुला 'ठोक्या' म्हणायचे, आणि मी भाजी वाढत राहायचे. तू येणं बंद केलंस तेव्हा, देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज सकाळी नवा फोटो काढला, व्रणासकट. ओळखीच्या खुणेत तोच लिहिला. 'हो'वर खूण केली आणि सोबत एका कागदावर सगळं लिहून काढलं, गाडी कोण चालवत होतं तेसुद्धा. उद्या दहाला माझा नंबर आहे. नाकारतीलही. मग इस्पितळात कसं न्यायचं, ते मला खरंच माहीत नाही. तू नको म्हणशील म्हणून फोन केला नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा कागद देऊन झालेले असतील.

शिंपीकाकांकडे परवा जाणार आहे.

इथवर लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "त्याला माझ्याकडून काय लिहायचं, मला सुचत नाही." म्हणून जे बोलले तेच लिहिलंय.

नव्या फोटोची एक प्रत सोबत ठेवलीय. माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

त्या दिवशी गाडी चालवणारी,
तुझी धाकटी