लढाईतलं घड्याळ

नाशिकरोड,
४ ऑगस्ट २०२५

चि. साक्षी हिस,
देवराममामाचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक. कानाला यंत्र बसवलं, पण फोनवर नुसती घरघर ऐकू येते, म्हणून पत्र.

काल तुझ्या मामीला घेऊन मॉलमध्ये नवा सिनेमा पाहिला. गोष्ट आपल्या घोटीकडची. त्यात नायिका भाताची आवणी करते ती पुढे चालत. आवणी करणारी बाई मागे सरकते, नाहीतर लावलेली रोपं स्वतःच तुडवील. हिने गाणं संपेपर्यंत पाऊण एकर तुडवलं. साडीचा काठ कोरडा. एवढी माणसं कामाला, पण घोटीला जाऊन कुणाला तरी विचारावं असं एकालाही वाटलं नाही. मामीला सिनेमा आवडला. ती मध्यंतरापासून झोपली होती.

जुन्या लोकांना कामाची चाड होती. १९७५ साली घोटीजवळच्या माळावर त्या ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग झालं, त्यात मी मावळा होतो, हे तुला ठाऊक आहेच. पाहिजे तसा ढग येईना म्हणून दिग्दर्शकाने दोनशे माणसं दोन दिवस बसवून ठेवली. चप्पल दिसायला नको म्हणून प्रत्येकाचे पाय तपासले. तू कॉम्प्युटरवर सिनेमाचं नेमकं काय करतेस ते मला कळत नाही, पण करताना हे ध्यानात असू दे.

जेवण वेळेवर घेत जा. आठवण ठेव.
तुझा,
देवराममामा

---

मुंबई,
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
साक्षीचा सविनय जय भीम. विनंती विशेष.

मी काय करते ते सांगते. आमच्याकडे जुन्या चित्रपटांची रिळं येतात. त्यांवरचे ओरखडे आणि डाग आम्ही एकेक चित्र समोर घेऊन पुसतो. गेल्या महिन्यात तुमचाच चित्रपट आला. पूर्ण झाल्यावर दाखवायचा म्हणून बोलले नव्हते, पण तुमच्या पत्रानंतर गप्प बसवत नाही.

ढग खरंच सुंदर आहे. पायात कुणाच्याही चप्पल नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतला एक मावळा ढाल खाली घेतो, डावं मनगट डोळ्यांसमोर धरतो, घड्याळात बघतो आणि समोर शत्रू असताना उजवीकडे निघून जातो. परत येत नाही. ते तुम्ही आहात. मी मोठं करून पाहिलं. सव्वा वाजलाय.

पाय तपासणाऱ्या दिग्दर्शकाला ते दिसलं कसं नाही, हे मला कळेना. निर्मात्यांच्या मुलीने घड्याळ पुसायला सांगितलंय. काम माझ्याकडेच आलंय, दीड दिवसाचं आहे. पण हात धजत नाही. आईच्या अल्बममध्ये तुमचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. तुम्हाला त्या वयात मी पहिल्यांदाच पाहिलं, ते घड्याळासकट. काय करू, ते कळवा.

मामीला नमस्कार. रागावू नये.
आपली,
साक्षी

---

नाशिकरोड,
२० ऑगस्ट २०२५

चि. साक्षी हिस,
जय भीम व आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्याआधी मामीने वाचलं. तेव्हापासून ती दिवसातून चार वेळा मला वेळ विचारते.

दिग्दर्शकाला दिसलं होतं, सकाळीच. मी त्यांना खरं सांगितलं. त्याच दिवशी चार वाजता नाशिकला जिल्हा परिषदेत मास्तरकीची मुलाखत होती. दीडची एसटी चुकली असती तर सगळं संपलं असतं. घड्याळ शेजारच्या कारभारीचं, त्याला लग्नात मिळालेलं, मागून आणलेलं. आमचे वडील गेले होते आणि तुझी आई नववीतून शाळा सोडायच्या बेतात होती. दिग्दर्शकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मनगट ढालीमागे ठेव. वेळ झाली की जा, कुणाला विचारू नको."

नेमका एकच्या सुमारास ढग आला आणि लढाई सुरू झाली. मी मनगट ढालीमागे ठेवायला विसरलो. जायला मात्र विसरलो नाही. अंगरखा झाडाखाली काढून ठेवला, पण चिकटवलेली मिशी निघेना, म्हणून मुलाखत मिशीसकट दिली. नोकरी लागली. तुझी आई शिकली, नर्स झाली. पन्नास वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण त्या माणसाने मला जाऊ दिलं आणि मी त्याचा देखावा बिघडवला. त्यांनी तो पुन्हा का घेतला नाही, ते मला ठाऊक नाही. ढग निघून गेला असेल.

घड्याळ पुसून टाक. चूक ती चूक. माणूस ओळखीचा निघाला म्हणून तू ती ठेवलीस तर ते काम नीट झालं असं मी म्हणणार नाही. चेहरा तर राहतोच आहे.

माया आहेच, ती वाढव.
तुझा,
देवराममामा

---

मुंबई,
२९ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम.

पुसलं. दीड नाही, तीन दिवस लागले. खालची कातडी मला नीट रंगवायची होती. आता एक अडचण उरली आहे. भर लढाईत तुम्ही रिकामं मनगट निरखून बघता आणि निघून जाता. आमचे साहेब म्हणाले, असू दे.

नाशिकला १२ ऑक्टोबरला खेळ आहे. दोन पास सोबत आहेत. मला सुट्टी नाही. कसं वाटलं ते लिहा.
आपली,
साक्षी

---

नाशिकरोड,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. साक्षी हिस,
जय भीम व पुष्कळ आशीर्वाद.

खेळ पाहिला. ढग होता तसाच आहे. माझी वेळ आली तेव्हा मी खुर्चीत खाली सरकलो. मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, बिचाऱ्याच्या हाताला लागलंय. मला ऐकू आलं नाही, मामीने सांगितलं. मामीने मागे वळून त्या बाईला, तो आता बरा आहे, असंही सांगितलं.

चित्रपट संपला, माणसं उठली. पडद्यावर नावं येत होती. आम्हा दोनशे मावळ्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाही, आणि इतक्या वर्षांत मला ते खटकलंही नव्हतं. मग तुम्हा दुरुस्ती करणाऱ्यांची नावं आली. सोळा आहेत, त्यात ‘चहा : सखुबाई’ असंसुद्धा. हे ज्याने केलं त्याला माझा जय भीम सांग. जुन्या लोकांना हे सुचलं नव्हतं, एवढं मी लेखी देतो.

तुझं नाव अकरावं. ते आलं तेव्हा मी उभा राहिलो. मामी म्हणाली, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही. मागे कुणीच नव्हतं.

दिवाळीला ये. माया अशीच राहू दे.
तुझा,
देवराममामा