डाव्या हातातला चुडा

१० फेब्रुवारी २००८
माझं लग्न आठवड्यावर. आईच्या डाव्या दंडावरचा पट्टा आज नीट पाहिला. दोन चिकट गोल, वायर, काडेपेटीएवढी डबी. हातात पाणी साठू लागलं की सूज दिसण्याआधीच पिवळा दिवा लागतो, फार झालं की लाल. छातीतल्या नि काखेतल्या गाठींच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलने वापरून पाहायला दिलेला. सध्या हिरवा.
काल्हेरला, सासरी, ऑपरेशनचं माहीत नाही. मीच सांगू दिलं नाही.

१३ फेब्रु.
उद्या चुडा भरायला कासार येणार. सासूबाईही. आईला म्हटलं, पट्टा काढून ठेव.
"डॉक्टर बोललाय, काढायचा न्हाय."
"लोक विचारतील."
"लोक, का काल्हेरवाले?" हसली. काढला.

१४ फेब्रु.
कासाराने आईचा डावा हात धरला. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. ती माझ्याकडे पाहत होती. मी साड्यांकडे.
बांगड्या चढेनात. साबण लावून चढवल्या. सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाय, हात भरलाय तुमचा. सुखाचा हाय."
सगळ्या हसल्या. मीही.

१६ फेब्रु.
पट्टा पुन्हा बांधला. पिवळा. दुपारी लाल. बोटं फुगलीत, बांगड्या रुतल्यात. साबण, तेल, काही चालत नाही. हॉस्पिटलला फोन केला. म्हणाले, आत्ता काढा आणि घेऊन या.
म्हणजे पकडीने वाढवायच्या.
आई : "तुजा बाप ओटीवर बसलाय नि मी चुडा वाढवू? लगीन तोंडावर हाय."
बाबा बाहेरून : "मी काचंनं मरत न्हाय. वाढव."
आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "लग्नात मोकळा हात दिसला तर काय सांगू काल्हेरवाल्यांना? तूच बोललीस, सांगू नको."

१७ फेब्रु.
हळद. मांडवात बायका जमल्या. आईची मूठ मिटत नाही. पक्कड आणि फडकं तिच्यापुढे ठेवलं, तिच्यादेखत काल्हेरला फोन लावला.
सासूबाईंनीच उचलला. "बोल गो बाय."
"आईच्या हाताबद्दल. तिचं ऑपरेशन..."
तिकडेही हळद, बँजो. "जोरात बोल, ऐकू येत न्हाय."
मी जोरात बोलले. कॅन्सर हा शब्दही. आमच्या मांडवातली बडबड थांबली. तिकडे बँजो चालूच. मग फोन कट.
अजून परत आलेला नाही. मी पुन्हा लावला, कोणी उचलत नाही.
आईने हात फडक्यावर ठेवलाय. पक्कड मला घेऊ देत नाही. म्हणते, त्यांचा फोन येऊ दे आधी.